गुणपत्रिका नसलेल्या लक्ष्मीबाई



दहावी-बारावीचे निकाल लागले की आमच्याकडे दोन प्रकारचे पालक येतात. काही पेढे घेऊन येतात. काही मिस्सा संपून सगळे पांगेपर्यंत मागे थांबतात आणि मुलाचे टक्के सांगताना आवाज खाली आणतात. मुलाला बरोबर आणलेले नसते. अशा घरांसाठी आज आम्ही लक्ष्मीबाई टिळकांविषयी लिहीत आहोत. त्या कॅथलिक नव्हत्या, प्रॉटेस्टंट होत्या. पण मराठी ख्रिस्ती माणसाला त्या परक्या नाहीत, आणि आपल्या नागपुरातही त्यांचा काही काळ संसार झाला.

त्यांचा जन्म १८६८ साली नाशिकजवळच्या जलालपूरचा. माहेरचे नाव मनकर्णिका गोखले. वडिलांना सोवळ्या-ओवळ्याने असे पछाडले होते की मुलांचे बालपण विटाळाच्या धाकातच गेले. मुलीला शाळेत घालण्याचा विचार कोण करणार? १८८० साली, अकराव्या वर्षी, त्यांचे लग्न नारायण वामन टिळकांशी झाले. टिळक कवी होते, संस्कृत जाणणारे होते, पण तापट आणि एका जागी न टिकणारे. नोकरी धरायची, सोडायची, हातातले पैसे गरजूला देऊन रिकामे घरी यायचे. संसाराची ओढाताण बायकोने सोसायची. मात्र याच नवऱ्याने घरात बायकोला लिहाय-वाचायला शिकवले. लक्ष्मीबाईंची शाळा म्हणायची ती एवढीच.

नागपुरात टिळकांना अप्पासाहेब बुटींचा आश्रय मिळाला. पुढे रेल्वेच्या प्रवासात एका मिशनऱ्याने त्यांच्या हाती बायबल दिले आणि १८९५ साली मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंवर आकाश कोसळले. काही वर्षे त्या नवऱ्यापासून दूर राहिल्या, आणि त्या विरहाच्या दुःखात कविता करू लागल्या. नंतर त्या टिळकांकडे परतल्या, पण धर्म लगेच बदलला नाही. जातिभेद माणसाने केलेला आहे, हे मनाला पटल्यावर १९०० साली त्यांनी स्वतः बाप्तिस्मा घेतला. अहमदनगरच्या त्यांच्या घरात अनाथ मुले वाढली; बालकवी ठोंबरेही तिथे घरच्यासारखे राहिले.

१९१९ साली टिळक गेले. त्यानंतर लक्ष्मीबाईंनी मुंबईत मुलींच्या वसतिगृहावर देखरेखीचे काम केले, आणि पुढे मुलाबरोबर कराचीला राहिल्या. इथे आम्ही गोड बोलणार नाही. शिक्षणाचा कागद हाती नसला की पोटासाठी मोजकीच कामे उरतात, तेव्हाही आणि आजही. लक्ष्मीबाईंचे उदाहरण देऊन कोणी अभ्यास सोडला, तर त्या त्याला चांगलेच फैलावर घेतील!

टिळकांचे ‘ख्रिस्तायन’ हे काव्य दहा-अकरा अध्यायांवर थांबले होते. लक्ष्मीबाईंनी पुढचे चौसष्ट अध्याय लिहून ते पुरे केले. टिळकांचे चरित्र लिहायचे म्हणून मुलाने, देवदत्तने, आईला आठवणी लिहायला सांगितल्या. तेव्हा त्यांनी पन्नाशी ओलांडली होती. त्या आठवणींची ‘स्मृतिचित्रे’ झाली. आजही मराठीतील उत्तम आत्मचरित्र कोणते असे विचारले, तर पहिल्या दोन-तीन नावांत हे पुस्तक येते. त्याचे इंग्रजी भाषांतर पूर्वीही झाले होते, आणि २०१७ साली शांता गोखले यांनी नव्याने केले. त्यात पांडित्य नाही. स्वतःच्या अज्ञानाची, भित्रेपणाची आणि फजितीची गोष्ट त्या हसत सांगतात. नवऱ्याचा संताप आणि मोठेपण दोन्ही सांगतात, काही झाकत नाहीत.

आपल्या भाषेत परीक्षेतले गुण आणि माणसातले गुण यांना शब्द एकच आहे, म्हणून घोटाळा होतो. सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना आम्हाला सवय लावली होती ती शब्दाचे अर्थ वेगळे करण्याची. मार्चमधल्या एका सकाळी मुलाला काय आठवले, हे पहिले गुण सांगतात. ते खोटे नसतात. पण पन्नाशीत त्याच्या हातून काय घडेल, ते त्या कागदावर कुठे लिहिलेले असते? लक्ष्मीबाईंना घरात कोणी शिकवले नसते, कवितेच्या सहवासात त्या वर्षानुवर्षे राहिल्या नसत्या, मुलाने लिही म्हटले नसते, तर तेही घडले नसते. नापास मुलाशी आपण आठ-आठ दिवस बोलत नाही, तेव्हा नेमके हेच त्याच्यापासून काढून घेतो.

१९३३ साली नागपुरात भरलेल्या ख्रिस्ती साहित्य संमेलनाच्या त्या अध्यक्षा होत्या. २४ फेब्रुवारी १९३६ रोजी नाशिकला त्यांचे निधन झाले. आता एम.ए.ला मराठी घेणारी मुले ‘स्मृतिचित्रे’वरच्या प्रश्नांची उत्तरे लिहितात आणि त्याचे गुण मिळवतात.

पुरवणी परीक्षेचा अर्ज भरायचा असेल तर शाळेत लवकर चौकशी करा, मुदत थोडी असते. आणि पुढच्या रविवारी मागे थांबाल तेव्हा मुलालाही घेऊन या.

— तुमचे फादर