ताराबाई मोडक

ताराबाई मोडक (जन्म : मुंबई, १९ एप्रिल १८९२, मृत्यू : ३१ ऑगस्ट १९७३) या भारतातील पूर्वप्राथमिक शिक्षणाच्या प्रवर्तक, लेखिका व संपादक होत्या. अडीच ते सहा वर्षांच्या मुलाला समजून घ्यायचे तर त्याला शिकवण्याआधी त्याच्याकडे नीट पाहिले पाहिजे, या तत्त्वावर त्यांच्या पन्नास वर्षांच्या कार्याची उभारणी झाली. बोर्डी येथील ग्राम बाल शिक्षा केंद्र, दादरचे शिशुविहार आणि कोसबाडची विकासवाडी ही या कार्याची मुख्य ठिकाणे होत. बालवाडी व अंगणवाडी हे आज घराघरांत रुळलेले शब्द त्यांच्या कार्यामुळे प्रचलित झाले.

पूर्वायुष्य

त्यांचे माहेरचे आडनाव केळकर. वडील सदाशिव पांडुरंग केळकर हे प्रार्थना समाजाचे निष्ठावंत कार्यकर्ते. मुलीने शिकावे की नाही, हा वाद ज्या काळी घरोघरी चाले, त्या काळी केळकरांच्या घरी तो नव्हता. ताराबाई १९१४ मध्ये मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर झाल्या. पुढे अमरावतीचे वकील कृष्ण विनायक मोडक यांच्याशी त्यांचा विवाह झाला. हा संसार टिकला नाही. १९२१ मध्ये त्या पतीपासून विभक्त झाल्या, तेव्हा त्यांच्या पदरी एक लहान मुलगी होती. शिकलेल्या स्त्रीलाही असा निर्णय समाज सहजी माफ करीत नसे. उपजीविकेसाठी त्यांनी राजकोट येथील स्त्रियांच्या बार्टन अध्यापन महाविद्यालयाचे प्राचार्यपद स्वीकारले. पद मानाचे होते, वेतनही चांगले होते. तरीही ते सोडून त्या थोड्याच काळात भावनगरला गेल्या.

भावनगर : पाहण्याची शिस्त

भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत गिजुभाई बधेका यांनी १९२० मध्ये बालमंदिर सुरू केले होते. गिजुभाई मूळचे वकील. स्वतःच्या मुलाचे संगोपन कसे करावे या विचारातून ते मारिया माँटेसरी यांच्या ग्रंथांकडे वळले आणि वकिली मागे पडली. ताराबाई १९२३ मध्ये त्यांना येऊन मिळाल्या.

माँटेसरी या इटलीतील डॉक्टर. १९०७ मध्ये रोमच्या सान लोरेंझो या गरीब वस्तीत त्यांनी पहिले बालगृह काढले. तेथे सुमारे तीन वर्षांची एक मुलगी लाकडी दट्टे त्यांच्या खाचांत बसवीत होती. भोवती गाणे झाले, तिची खुर्ची उचलून दुसरीकडे ठेवली, तरी तिचे लक्ष ढळले नाही. तेच काम तिने चाळीसहून अधिक वेळा केले. लहान मूल चंचल असते, ते एका गोष्टीत रमत नाही, या सार्वत्रिक समजुतीला या एका निरीक्षणाने धक्का दिला. मूल रमत नाही ते त्याच्या गरजेचे काम त्याला मिळत नाही म्हणून, असा निष्कर्ष त्यातून निघाला.

या पद्धतीत शिक्षिकेचे काम वरवर सोपे, प्रत्यक्षात फार अवघड असते. मुलाने साधन आपल्या इच्छेने निवडायचे. शिक्षिकेने बाजूला बसून त्याने काय उचलले, किती वेळ हाताळले, कोठे अडले, केव्हा सोडून दिले, हे टिपायचे. मधे बोलायचे नाही, चूक दाखवायची नाही. ज्यांनी वर्गात आयुष्य काढले त्यांना ठाऊक आहे की गप्प बसणे हीच शिक्षकाची सर्वांत मोठी परीक्षा. अडीच वर्षांचे मूल पाण्याचा पेला सांडते आणि पुन्हा भरायला जाते, तेव्हा मोठ्यांचा हात आपोआप पुढे होतो. तो आवरला तरच कळते की मुलाला पाणी प्यायचे नव्हते, ओतायचे होते.

त्याच सुमारास जिनिव्हात जाँ पियाजे स्वतःच्या तीन अपत्यांचे निरीक्षण करून बुद्धीच्या विकासाची उपपत्ती मांडीत होते. ताराबाईंचा मार्ग निराळा होता. त्यांना उपपत्ती रचायची नव्हती. पाहिलेल्या गोष्टीनुसार शाळेची मांडणी बदलायची होती. हा फरक पुढे बोर्डीत निर्णायक ठरला.

१९२६ मध्ये नूतन बाल शिक्षण संघाची स्थापना झाली. शिक्षणपत्रिका हे मासिक प्रथम गुजराती भाषेत निघाले. त्याच्या संपादनात ताराबाईंचा मोठा वाटा होता. मराठी शिक्षणपत्रिका १९३३ पासून निघू लागली आणि पालकांना सोप्या भाषेत बालमानस समजावून सांगू लागली. बालकांचा हट्ट, बालविकास व शिस्त, बिचारी बालके आणि नदीची गोष्ट ही त्यांची काही पुस्तके. दोन-तीन वर्षांच्या मुलाचा हट्ट हा दुर्गुण नसून स्वत्वाच्या जाणिवेची ती पहिली खूण आहे, हा या विचारपरंपरेचा गाभा होय. छडी लागे छमछम ही म्हण प्रमाण मानणाऱ्या समाजात तो पचनी पडणे सोपे नव्हते.

दादर ते बोर्डी

मुंबईस परतल्यावर १९३६ मध्ये ताराबाईंनी दादरला शिशुविहार ही संस्था सुरू केली व बालशिक्षिका घडविण्यासाठी अध्यापन मंदिर चालविले. संस्था नावारूपास आली. परंतु तिचा लाभ मुख्यतः मध्यमवर्गीय मुलांना होत होता. माँटेसरींनी ज्या पद्धतीचा आरंभ झोपडवस्तीत केला, ती भारतात महागड्या साधनांमुळे सुखवस्तू घरांपुरती उरावी, ही विसंगती ताराबाईंना बोचत होती. गावातील गरीब मुलासाठी हे शिक्षण शक्य आहे काय, या प्रश्नाचे उत्तर शहरात बसून मिळणारे नव्हते.

वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, १९४५ च्या अखेरीस, त्यांनी ठाणे जिल्ह्यातील (आता पालघर) बोर्डी या समुद्रकाठच्या गावी ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. याच वर्षी अनुताई वाघ (१९१०–१९९२) त्यांना येऊन मिळाल्या. बालपणीच वैधव्य आलेल्या या शिक्षिकेने पुढील अठ्ठावीस वर्षे ताराबाईंची साथ केली. दोघींचे नाते गुरु-शिष्येचे. पण कामाचा भार अनुताईंनी इतका उचलला की या दोन चरित्रांची फारकत करणे कठीण आहे.

बोर्डीत बालवाडी उघडली, पण गावाबाहेरच्या हरिजन वस्तीतील मुले तिच्याकडे फिरकेनात. आईबाप कामावर, घरी धाकटे भावंड, अंगावर धड कपडा नाही आणि अस्पृश्यतेची धास्ती. मुले येत नाहीत म्हणून आईबापांना दोष देऊन मोकळे होणे शक्य होते. ताराबाईंनी शाळाच वस्तीत नेली. कोणाच्या तरी अंगणात, झाडाच्या सावलीत, मुलांना न्हाऊमाखू घालण्यापासून काम सुरू झाले. ही अंगणवाडी. शंखशिंपले, बिया, पाने, काड्या, माती हीच साधने. आकार, वजन, खरखरीत-गुळगुळीत, लहान-मोठे हे सारे त्यांतून शिकता येते. परदेशी पेटीची आवश्यकता नाही, हे मुलांच्या रमण्यावरूनच सिद्ध झाले.

कोसबाड

१९५७ मध्ये केंद्र डहाणू तालुक्यातील कोसबाडच्या टेकडीवर वारली आदिवासींमध्ये हलविण्यात आले. येथे अडचण आणखी निराळी होती. सात-आठ वर्षांची मुलगी शाळेत येई ती कडेवरचे भावंड घेऊन. नाहीतर येतच नसे. म्हणून पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा एकाच आवारात आणणारी विकासवाडी आकारास आली. तान्हे पाळण्यात, मधले बालवाडीत, थोरली वर्गात. गुरे राखणारी मुले तरीही उरत. त्यांच्यासाठी शिक्षक कुरणात गेले आणि कुरणशाळा सुरू झाली. मुलाच्या दिवसाचे निरीक्षण करून त्याप्रमाणे शाळेची वेळ व जागा ठरविणे, ही भावनगरला अंगी बाणलेल्या शिस्तीचीच पुढची पायरी होती.

१९६२ मध्ये भारत सरकारने ताराबाईंना पद्मभूषण देऊन गौरविले. त्यांच्या निधनानंतर कोसबाडचे काम अनुताईंनी चालविले.

प्रभाव

२ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारची एकात्मिक बाल विकास सेवा योजना सुरू झाली आणि तिच्या गावपातळीवरील केंद्राला अंगणवाडी हे नाव मिळाले. आज रायगड जिल्ह्यात शिळफाट्याच्या परिसरापासून कर्जत-खालापूरच्या ठाकूर व कातकरी वाड्यांपर्यंत हा शब्द सर्वांच्या तोंडी आहे. मात्र सरकारी अंगणवाडीत पोषण आहार, लसीकरण व नोंदवह्या यांचा व्याप मोठा असल्याने सेविकेला मुलाजवळ निवांत बसून पाहण्यास फारसा वेळ उरत नाही. शिवाय कातकरी कुटुंबे पावसाळा सरला की वीटभट्ट्यांवर जातात. तेव्हा वाडीतील केंद्र चालू राहते आणि तेथील मुले पुढील पावसाळ्यापर्यंत भट्टीवर असतात.