धन्यवादित फादर मायकल मॅकगिव्हनी : तळघरात जन्मलेले बंधुमंडळ

घरचा कर्ता पुरुष अचानक गेला तर मागे राहिलेल्यांचे काय होते, हे आपल्याला कोणी सांगायला नको. दफनविधीच्या दिवशी घर माणसांनी भरून जाते. महिन्याची मिस्सा झाली की गर्दी ओसरते आणि मग उरते ती दुकानदाराची उधारी, मुलांची फी आणि विधवेची काळजी. या एका प्रश्नासाठी झिजलेल्या अमेरिकेतील एका तरुण धर्मगुरूंची ओळख आज आपण करून घेऊ या.

फादर मायकल मॅकगिव्हनी यांचा जन्म 12 ऑगस्ट 1852 रोजी अमेरिकेच्या कनेक्टिकट राज्यातील वॉटरबरी या गावी झाला. आईवडील आयर्लंडहून पोट भरण्यासाठी आलेले. वडील पितळेच्या कारखान्यात ओतकाम करीत. तेरा भावंडांत मायकल थोरले. त्यांतील सहा भावंडे लहानपणीच देवाघरी गेली. तेराव्या वर्षी शाळा सोडून मायकलही चमचे बनवणाऱ्या कारखान्यात कामाला लागले. सोळाव्या वर्षी धर्मगुरू होण्याच्या ओढीने ते कॅनडातील सेमिनरीत गेले. परंतु 1873 साली वडील वारले आणि पैशाअभावी त्यांना शिक्षण सोडून घरी परतावे लागले. कर्ता माणूस गेल्यावर घराची काय गत होते, हे त्यांनी असे स्वतः अनुभवले. पुढे बिशपांनी मदतीचा हात दिल्यामुळे ते बाल्टिमोरच्या सेमिनरीत दाखल झाले आणि 22 डिसेंबर 1877 रोजी महागुरू जेम्स गिबन्स यांच्या हस्ते त्यांना गुरुदीक्षा मिळाली.

न्यू हेवन शहरातील सेंट मेरी चर्चमध्ये त्यांची सहाय्यक धर्मगुरू म्हणून नेमणूक झाली. धर्मग्रामावर कर्जाचा मोठा बोजा होता. धर्मग्रामस्थ बहुतेक आयरिश मजूर. कारखान्यांतले अपघात आणि रोगराई यांमुळे ऐन तारुण्यात माणसे दगावत. सरकारी मदत नव्हती आणि विमा काढणे मजुराच्या आवाक्याबाहेरचे. घर चालत नाही म्हटल्यावर मुलांची ताटातूट होई.

त्या काळी अमेरिकेत गुप्त बंधुमंडळांची चलती होती. त्यांच्या शाखांना लॉज म्हणत. तिथे मित्र मिळत, ओळखी होत, अडीअडचणीला मदत मिळे. त्यांतील फ्रीमेसन मंडळात कॅथलिकांनी जाण्यास ख्रिस्तसभेने 1738 सालापासून बंदी घातली आहे आणि 2023 साली रोमने ती पुन्हा स्पष्ट केली. तरीही अनेक कॅथलिक तरुण अशा मंडळांकडे ओढले जात. फादर मायकल यांनी त्यांना नुसते रागे भरले नाही. आपल्या माणसाला आपल्याच अंगणात आधार मिळाला तर तो दुसऱ्याचे दार कशाला ठोठावेल, असा त्यांनी विचार केला.

ऑक्टोबर 1881 मध्ये त्यांनी धर्मग्रामातील काही पुरुषांना चर्चच्या तळघरात बोलावले. मॅसॅच्युसेट्स राज्यात कॅथलिकांची एक मदत संघटना होती. तिचे काम पाहायला ते बोस्टनला जाऊन आले. तिची शाखा आपल्याकडे काढावी असा विचार होता, परंतु तिच्या सनदेत राज्याबाहेर शाखा काढण्याची सोय नव्हती. मग आपलीच संघटना उभारायचे ठरले.

त्याच सुमारास डाउन्स कुटुंबावर प्रसंग गुदरला. वडील वारल्यावर मुलांसाठी जामिनासह पालक दाखवा, नाहीतर मुले आईपासून दूर जातील, अशी वेळ आली. तेव्हा एका मुलाचे पालकत्व घेण्यासाठी फेब्रुवारी 1882 मध्ये फादर मायकल स्वतः न्यायालयात उभे राहिले. त्याच महिन्यात नव्या संघटनेला 'नाईट्स ऑफ कोलंबस' हे नाव देण्यात आले. कोलंबसाच्या कारकिर्दीवर आज कठोर टीका होते. परंतु परके म्हणून हिणवल्या जाणाऱ्या त्या आयरिश मजुरांना, या देशाच्या इतिहासात एका कॅथलिकाचेही नाव आहे, हे दाखवायचे होते. 29 मार्च 1882 रोजी राज्य विधिमंडळाने संघटनेला मान्यता दिली. न्यू हेवनमधील पहिल्या शाखेचे नाव सॅन साल्वादोर.

कामाची रीत साधी होती. सभासद वारला की बाकीच्यांनी प्रत्येकी एक डॉलर द्यायचा आणि ती रक्कम विधवेच्या हाती पोचवायची. ही भीक नव्हती. तिच्या नवऱ्याने इतरांसाठी वेळोवेळी भरलेल्या वर्गणीतून मिळालेला तो तिचा हक्क होता.

संघटनेचे प्रमुखपद फादर मायकल यांनी स्वतःकडे घेतले नाही. यादवी युद्धात लढलेले जेम्स मलन हे प्रापंचिक गृहस्थ पहिले प्रमुख झाले; फादर सचिव म्हणून पत्रे लिहीत राहिले. त्यांनी राज्यातील धर्मगुरूंना पत्रे पाठवली, पण प्रतिसाद थंड होता. दुसरी शाखा मेरिडन येथे निघायला 1883 साल उजाडले. या साऱ्या धावपळीतही फाशीची शिक्षा झालेल्या एका तरुणाला ते तुरुंगात नियमित भेटत राहिले आणि शेवटच्या क्षणापर्यंत त्याच्या सोबत होते.

1884 साली त्यांची बदली थॉमस्टन या गिरणीगावात प्रमुख धर्मगुरू म्हणून झाली. 14 ऑगस्ट 1890 रोजी न्यूमोनियाने त्यांचे निधन झाले. वय अवघे 38 वर्षे.

तळघरातल्या त्या मूठभर माणसांच्या संघटनेचे आज वीस लाखांहून अधिक सभासद आहेत. 31 ऑक्टोबर 2020 रोजी हार्टफर्डच्या कॅथेड्रलमध्ये फादर मायकल यांना धन्यवादित घोषित करण्यात आले. 13 ऑगस्ट हा त्यांचा स्मरणदिन आहे.

बंधुभगिनींनो, फादर मायकल यांच्याकडे ना पैसा होता ना मोठे पद. त्यांच्याकडे होते एक तळघर आणि ऐकायला तयार असलेली काही माणसे. आपल्या धर्मग्रामातही गेल्या वर्षभरात कर्ता माणूस गमावलेली घरे आहेत. महिन्याच्या मिस्सानंतर त्या दारी आपण पुन्हा गेलो का? या आठवड्यात निदान एका घरी जाऊ या, आणि रिकाम्या हाताने नको. धन्यवादित मायकल मॅकगिव्हनी, आमच्यासाठी विनंती करा.