थकवा कागदावर उतरवणारे अँजेलो मोसो

वजन मोजायला तराजू असतो, तापासाठी थर्मामीटर. पण थकवा कशाने मोजायचा? ‘फार दमलो’ असे कोणी म्हटले तर एकोणिसाव्या शतकातल्या डॉक्टरला त्यावर विश्वास ठेवण्यापलीकडे काही करता येत नव्हते. ही अडचण बऱ्याच अंशी सोडवली ती इटलीतल्या तुरिन विद्यापीठातील शरीरक्रियाशास्त्रज्ञ अँजेलो मोसो यांनी.

मोसो यांचा जन्म १८४६ मध्ये तुरिनचा. वडील सुतार, घरची परिस्थिती बेताची. वैद्यकीय शिक्षण झाल्यावर ते जर्मनीत लाइपझिगला कार्ल लुडविग यांच्या प्रयोगशाळेत गेले. शरीरातल्या हालचाली यंत्राने कागदावर नोंदवण्याची विद्या तिथे जोरात होती आणि मोसो यांच्या हाताला ती चांगलीच मानवली. १८७९ मध्ये ते तुरिनला प्राध्यापक झाले. विचार करताना मेंदूकडे जास्त रक्त जाते का, हे पाहण्यासाठी त्यांनी चक्क आख्खा माणूस आडवा झोपवता येईल असा तराजू बनवला होता!

थकव्यासाठी त्यांनी केलेले यंत्र मात्र साधेच होते. त्याचे नाव एर्गोग्राफ. माणसाचा हात टेबलावर पक्का बांधायचा. मधल्या बोटाला दोरी, ती कप्पीवरून खाली सोडलेली, टोकाला तीन किलोसारखे वजन. ठोक्याच्या तालावर, साधारण दर दोन सेकंदांनी, बोट वाकवून वजन उचलायचे. प्रत्येक वेळी ते किती उचलले गेले याची उभी रेघ काजळी धरलेल्या फिरत्या कागदावर उमटे. सुरुवातीच्या रेघा उंच, मग हळूहळू बुटक्या, शेवटी बोट हलेनासे होई.

गंमत अशी, की प्रत्येकाचा आलेख वेगळा निघाला. कुणाची ताकद बराच वेळ टिकून एकदम कोसळे, कुणाची पहिल्यापासूनच सावकाश उतरे. त्याच माणसाची पुन्हा चाचणी घेतली तरी वळण बहुतेक तेच राही.

या कामातला सर्वांत मोलाचा भाग विश्रांतीचा आहे. मोसो यांचे सहकारी अर्नाल्दो माज्जोरा यांनी तो स्वतःच्या बोटावर तपासला. तीस वेळा वजन उचलून स्नायू पुरता दमला, तर पूर्ववत व्हायला दोन तास लागत. पंधरा वेळा उचलून थांबले, तर अर्धा तास पुरे. म्हणजे काम निम्मे केले, पण विश्रांती निम्मी नव्हे तर पाव लागली. दमल्यानंतर रेटून केलेले उरलेले पंधरा हिसके स्नायूला फार महाग पडत होते. दोन उचलींमध्ये दहा सेकंद सोडले, तर थकवा जवळजवळ दिसतच नसे. मालिश केल्यावर स्नायू लवकर सावरतो, हेही माज्जोरा यांनी याच यंत्रावर दाखवले. दुखापतीनंतर ‘थोडे करा, थांबा, मग पुन्हा करा’ असे फिजिओथेरपिस्ट सांगतात, त्यामागचा हिशेब समजायला हे आकडे आजही उपयोगी आहेत.

दुसरा शोध त्याहून अनपेक्षित होता. माज्जोरा यांनी विद्यार्थ्यांच्या तोंडी परीक्षा घेतल्या की त्यानंतर त्यांचे बोट नेहमीपेक्षा बरेच लवकर थकायचे. बोटाने तर काहीच काम केले नव्हते! लांबच्या पायपिटीनंतर हातही कमजोर झालेले दिसले. मोसो यांनी दमलेल्या कुत्र्याचे रक्त ताज्यातवान्या कुत्र्याला दिले, तर त्यातही थकव्याची लक्षणे दिसली. स्नायूत तयार होणारी द्रव्ये रक्तातून शरीरभर पसरतात, असा निष्कर्ष त्यांनी काढला. थकव्याचे एकच विष असते ही कल्पना पुढे टिकली नाही. एर्गोग्राफवरही आक्षेप आले, कारण माणसाची इच्छा किती हे त्या रेघेत मिसळलेलेच असते. पण थकव्यात स्नायूबरोबर मेंदूचाही वाटा आहे, हा त्यांचा मुद्दा आजच्या संशोधनातही जिवंत आहे.

१८९१ मध्ये त्यांचे ‘ला फातिका’ म्हणजे ‘थकवा’ हे पुस्तक आले. ते फक्त प्रयोगशाळेपुरते नाही. सिसिलीच्या गंधकाच्या खाणींत ओझी वाहणाऱ्या मुलांची शरीरे कशी खुरटतात, हेही त्यात येते. दमलेल्या माणसाकडून आणखी काम काढण्याची किंमत कोण मोजतो, हा प्रश्न त्या काळी कारखान्यांतून पेटलेला होता आणि मोसो यांच्यामुळे त्याला आकड्यांचा आधार मिळाला.

पुढे ते आपली यंत्रे घेऊन आल्प्समधल्या मोंते रोझा पर्वतावर, ४,५५४ मीटर उंचीवरच्या मार्गेरिता झोपडीत गेले आणि विरळ हवेत शरीर कसे चालते ते पाहिले. त्याच पर्वतरांगेत कोल द’ओलेन खिंडीजवळ १९०७ मध्ये त्यांच्या प्रयत्नांतून संशोधन संस्था उभी राहिली. तोवर मज्जारज्जूच्या आजाराने त्यांना प्रयोगशाळेतले काम झेपेनासे झाले होते. स्वस्थ बसणे स्वभावात नसल्याने ते पुरातत्त्वाकडे वळले आणि क्रीट बेटावर उत्खननात रमले. १९१० मध्ये तुरिनला त्यांचे निधन झाले.