नाव लपविणारी गणिती
गणित हा मुलींचा विषय नव्हे, ही समजूत अद्यापि ऐकू येते. म्हणून सोफी जर्मेन हिचे चरित्र आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहो. तिचा जन्म १७७६ साली पॅरिस येथे झाला. तिने रात्री गणित वाचू नये म्हणून आईवडिलांनी तिची शेगडी, दिवा व उबदार कपडेही काढून घेतले. तिने चोरून मेणबत्त्या लावल्या. १७९४ साली निघालेल्या एकोल पॉलितेक्निकमध्ये स्त्रियांस प्रवेश नव्हता. तेव्हा ल ब्लां या विद्यार्थ्याच्या नावाने तिने आपले टिपण थोर गणिती लाग्रांज यांस धाडले. खरा प्रकार कळल्यावर तेच तिचे पाठीराखे झाले. कंप पावणाऱ्या पत्र्यांच्या गणितास १८१६ साली, तिसऱ्या प्रयत्नात, विज्ञान अकादमीचे पारितोषिक तिने स्वतःच्या नावाने मिळविले. १८३१ साली ती निवर्तली. आमच्या भगिनींस आज नाव लपवावे लागत नाही. मग आवडता विषय त्यांनी का सोडावा?