पुरे म्हणण्याचे शहाणपण

रोमन कवी होरेस हा सुवर्णमध्याचा पुरस्कर्ता म्हणून प्रसिद्ध आहे. असे तत्त्वज्ञान सुखवस्तू माणसालाच सुचते, असा समज सहज होतो. होरेसचे चरित्र मात्र निराळे आहे.

इ. स. पूर्व ६५ मध्ये दक्षिण इटलीतील व्हेनुसिया येथे त्याचा जन्म झाला. बाप एकेकाळचा गुलाम. मुक्त झाल्यावर तो लिलावातील पैशांच्या वसुलीचे काम करी. गावातील शाळेवर समाधान न मानता त्याने मुलाला रोमला नेले आणि प्रत्येक शिक्षकाकडे तो स्वतः त्याच्या सोबतीला जात राहिला. पुढे अथेन्समध्ये शिकत असताना होरेस ब्रूटसच्या सैन्यात दाखल झाला. इ. स. पूर्व ४२ मध्ये फिलिप्पीच्या लढाईत त्या पक्षाचा पराभव झाला. होरेसला माफी मिळाली, पण वडिलांची जमीन गेली. अखेर सरकारी खजिन्यातील लेखनिकाची जागा विकत घेऊन तो पोट भरू लागला.

हिशेबाच्या वह्यांशी संबंध आलेल्या या माणसाने माणसाच्या हावेचाही हिशेब मांडला. सैनिकाला व्यापाऱ्याचा हेवा वाटतो, वकिलाला शेतकऱ्याचा. पण प्रत्यक्ष अदलाबदलीची संधी आली की सारेच मागे सरतात, हे त्याने हसत हसत दाखविले. खळ्यात धान्याची रास कितीही मोठी असली तरी पोट तेवढेच राहते, हेही त्याने ओळखले होते. घटत्या उपयोगितेचा सिद्धांत अर्थशास्त्रात मांडला गेला तो एकोणिसाव्या शतकात.

व्हर्जिलच्या ओळखीमुळे होरेसला मीसेनास हा धनाढ्य आश्रयदाता लाभला. त्याच्या कृपेने सॅबाइन टेकड्यांत शेतवाडी मिळाली. त्या शेतीवर आठ गुलाम राबत होते. मुक्त गुलामाच्या मुलाचे समाधान इतरांच्या गुलामीवर उभे होते, ही विसंगती नाकारता येत नाही.

तरीही त्याची कसोटी खरी होती. देणगीपायी स्वातंत्र्य जाणार असेल तर सारे परत करीन, असे त्याने खुद्द मीसेनासला कळविले. सम्राट ऑगस्टसने आपल्या पत्रव्यवहाराचे काम देऊ केले, तेव्हा त्याने ते नम्रपणे नाकारले. एके काळी ज्याने कारकुनीची जागा विकत घेतली, त्याने सम्राटाच्या चिटणिशीला नकार दिला. गरज आणि हाव यांतील सीमारेषा त्याला स्वतःच्या आयुष्यात आखता आली.

इ. स. पूर्व ८ मध्ये, मीसेनास वारला त्याच वर्षी, होरेसचेही निधन झाले. मित्राच्या समाधीशेजारीच त्याला चिरविश्रांती मिळाली. पुरेसे कशाला म्हणावे, हा त्याचा प्रश्न मात्र प्रत्येक पिढीला नव्याने सोडवावा लागतो.