देवीप्रसाद रायचौधुरी : रस्त्यावरचा शिल्पकार

आपल्याकडे पुतळ्याच्या बाबतीत तीन गोष्टी ठरलेल्या असतात. पुतळा कोणाचा, त्याचे अनावरण कोणाच्या हस्ते झाले आणि कोणत्या दिवशी झाले. चौथऱ्यावरच्या संगमरवरी पाटीवर हे सारे ठळक कोरलेले असते. पुतळा घडविला कोणी, हे मात्र बहुधा शोधावे लागते. पुण्यातील अश्वारूढ शिवछत्रपतींच्या पुतळ्यापुढे आपण नतमस्तक होतो. पण १९२८ साली अनावरण झालेला तो पुतळा विनायकराव करमरकरांनी घडविला, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक असते?

मला प्रवासाची आवड आहे, आणि नव्या शहरात गेलो की तेथील चौक पाहत पायी हिंडण्याची सवय आहे. अशा हिंडण्यातच चेन्नई, पाटणा आणि दिल्ली या एकमेकांपासून दूर असलेल्या तीन शहरांत मी तीन शिल्पे पाहिली. तिन्ही ठिकाणी पाऊल अडखळले, तिन्ही ठिकाणी चौकशी केली आणि तिन्ही वेळा एकच नाव हाती आले : देवीप्रसाद रायचौधुरी. या कलावंताच्या आयुष्याची ही थोडक्यात ओळख.

देवीप्रसादांचा जन्म १५ जून १८९९ रोजी रंगपूरजवळच्या ताजहाट येथे झाला. हा भाग आज बांगलादेशात आहे. घराणे जमीनदाराचे. श्रीमंताघरच्या मुलाने कला हौसेपुरती जोपासावी, असे मानण्याचा तो काळ. पण देवीप्रसादांनी कलेलाच आपले जीवनकार्य मानले. चित्रकलेचे शिक्षण त्यांनी अवनींद्रनाथ ठाकुरांकडे घेतले. अवनींद्रनाथ म्हणजे बंगाल शैलीचे प्रणेते. तरल रेषा, धुक्यासारखे पसरलेले जलरंग, स्वप्नात वावरणाऱ्या आकृती असा त्या शैलीचा बाज. शिल्पकलेचे धडे मात्र त्यांनी हिरण्मय रायचौधुरी यांच्याकडे गिरवले आणि पुढे फ्रेंच शिल्पकार रोदँ यांच्या कामाचा त्यांच्यावर खोल ठसा उमटला.

हा मनुष्यही मोठा विलक्षण होता. तो कुस्ती खेळे, शिकारीला जाई, बासरी वाजवी आणि बंगालीत कथाही लिही. गुरूच्या चित्रांतील तरलता त्याच्या कुंचल्यात उतरली. पण मातीला हात लावला की आतला मल्ल जागा होई. ताणलेले स्नायू, रोवलेली पावले, वाकलेल्या पाठी यांची भाषा तो स्वतःच्या शरीरातून शिकला होता, असे त्याची शिल्पे पाहताना मला सारखे वाटत राहिले.

१९२९ साली देवीप्रसाद मद्रासच्या सरकारी कलाशाळेचे प्रमुख झाले. १८५० साली स्थापन झालेल्या या शाळेचे ते पहिले भारतीय प्रमुख. १९५७ पर्यंत, म्हणजे तब्बल २८ वर्षे, त्यांनी ती धुरा वाहिली. के. सी. एस. पणिक्कर आणि एस. धनपाल हे त्यांचे विद्यार्थी. यातील पणिक्कर पुढे गुरूच्या वास्तववादापासून पार दूर गेले आणि १९६६ साली त्यांनी चोळमंडल हे कलावंतांचे गाव वसविले. शिष्यांनी आपली वेगळी वाट शोधावी, यात मला तरी त्या गुरूचा गौरवच दिसतो. १९५४ मध्ये ललित कला अकादमीची स्थापना झाली, तेव्हा तिचे पहिले अध्यक्षपद देवीप्रसादांकडे आले. १९५८ मध्ये ते पद्मभूषण झाले.

ब्राँझचे मोठे शिल्प घडविणे हे एकट्याचे काम नव्हे. आधी लोखंडी सळ्यांचा सांगाडा, त्यावर मातीचा आकार, मग प्लास्टरचा साचा आणि शेवटी धातूचे ओतकाम. यात अनेक हात राबतात. श्रमिकांचे शिल्प घडवायलाही श्रमिकच लागतात, ही गोष्ट पुतळ्याखालून जाताना आपल्या ध्यानातही येत नाही.

पाटण्याच्या सचिवालयासमोरचे हुतात्मा स्मारक पाहताना मी सर्वांत अधिक अस्वस्थ झालो. ११ ऑगस्ट १९४२ रोजी सचिवालयावर तिरंगा फडकविण्यासाठी निघालेल्या तरुणांवर गोळीबार झाला आणि त्यात सात विद्यार्थी बळी पडले. त्यांतले बहुतेक तर शाळेत शिकणारे होते. १५ ऑगस्ट १९४७ रोजी स्मारकाची पायाभरणी झाली आणि १९५६ साली राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांनी त्याचे अनावरण केले. सात आकृती एकामागोमाग. सर्वांत पुढच्याच्या हाती ध्वज; मागे कोणी कोसळतो आहे, कोणी कोसळता कोसळताही पुढेच झेपावतो आहे. आपण जसे वर्गातून एकत्र बाहेर पडतो, तशीच ही मुले निघाली असतील, हा विचार तेथे उभे असताना मनातून जात नाही. देवीप्रसादांना १९३७ साली इंग्रज सरकारने एम. बी. ई. हा किताब दिला होता. त्याच सरकारच्या गोळ्यांनी मेलेल्या मुलांना ब्राँझमध्ये उभे करण्याचे काम त्यांच्याच हातून व्हावे, हा काळाचा न्यायच म्हणायचा.

चेन्नईचे शिल्प मरीना किनाऱ्यावर आहे. २५ जानेवारी १९५९ रोजी ते उभे राहिले. चार मजूर एक अवजड शिळा हलवीत आहेत, एवढाच विषय. त्यांच्या अंगावर जेमतेम वस्त्र आहे आणि चौघांचे सारे बळ त्या एका दगडाशी झुंजते आहे. दगड हलला की नाही, हे शिल्पकाराने सांगितलेले नाही. चौघे थांबलेले नाहीत, एवढे मात्र स्पष्ट दिसते. याच समुद्रकिनाऱ्यावर १ मे १९२३ रोजी सिंगारवेलर यांनी भारतातील पहिला कामगार दिन साजरा केला होता. आजही मे महिन्याच्या पहिल्या तारखेला कामगार या शिल्पापाशी जमतात. बसच्या वाहकाला शिल्पकाराचे नाव ठाऊक नव्हते. पण श्रमिकांचा पुतळा म्हणताच त्याने मला नेमक्या थांब्यावर उतरविले. थांब्यालाही तेच नाव आहे.

दिल्लीतील ‘ग्यारह मूर्ती’ हे शिल्प राष्ट्रपती भवनाच्या मागच्या बाजूस, सरदार पटेल मार्गाच्या टोकाशी आहे. दांडीयात्रेला निघालेले गांधीजी आणि त्यांच्यामागे दहा जण. त्यांत स्त्रिया आहेत, पुरुष आहेत, निरनिराळ्या धर्मांची माणसे आहेत. हे शिल्प पूर्ण होऊन उभे राहिलेले पाहणे मात्र देवीप्रसादांच्या नशिबी नव्हते. १५ ऑक्टोबर १९७५ रोजी त्यांचे निधन झाले. २०१६ साली बंद झालेल्या पाचशेच्या नोटेच्या पाठीवर दांडीयात्रेचे चित्र होते. ते याच शिल्पावर बेतलेले. म्हणजे देवीप्रसादांची कलाकृती कित्येक वर्षे देशभर हातोहात फिरत होती, आणि देणाऱ्याला वा घेणाऱ्याला त्यांचे नाव माहीत नव्हते.

देवीप्रसादांनी थोरामोठ्यांचे पुतळेही पुष्कळ केले. परंतु ज्या शिल्पांनी मला वाटेत थांबविले, त्यांत मोठेपण एकट्याचे नाही. तेथे मजूर आहेत, विद्यार्थी आहेत, नेत्याच्या पाठोपाठ चालणारी साधी माणसे आहेत. एरवी ज्यांना चौथऱ्याखाली उभे राहून वर पाहावे लागते, त्यांना या शिल्पकाराने चौथऱ्यावर नेले. हे काम त्याने संग्रहालयाच्या भिंतींआड ठेवण्यासाठी केले नाही. ही शिल्पे पाहायला तिकीट लागत नाही, कलेचे शिक्षण लागत नाही. पावसात भिजणारा फेरीवालाही त्यांचा रसिक आहे.

अशा माणसाचे नाव आपण विसरावे, हे काही बरे नव्हे. पुष्कळदा शिल्पकार आपली सही पुतळ्याच्या पायाशी किंवा मागच्या अंगाला करून ठेवतो. आपल्यापैकी प्रत्येकाच्या गावी एखादा तरी पुतळा असेलच. या सुटीत घरी गेल्यावर त्याच्या पुढे हार घालून झाला की जरा मागे वळसा घालून जावे आणि तेथे कोणाचे नाव कोरलेले आहे ते वाचावे. पुढच्या वर्षीच्या अंकात अशी आठ-दहा नावे जरी छापता आली, तरी एका जुन्या ऋणाचा थोडा तरी भाग फिटेल.