कुंडल रोडचे लक्ष्मणराव

गावावरून आडनाव पडावे हा आपल्या मुलखातील जुना शिरस्ता. आडनावावरून गाव वसावे आणि आगगाडीच्या स्थानकानेही आपले पूर्वीचे नाव टाकून तेच धारण करावे, असे मात्र क्वचितच घडते. पुण्याहून मिरजेकडे जाणाऱ्या लोहमार्गावर, सांगली जिल्ह्याच्या पलूस तालुक्यात, किर्लोस्करवाडी नावाचे स्थानक आहे. दिल्लीहून गोवा एक्सप्रेसने मुलखाकडे जाताना आपल्यापैकी कित्येकांनी ही पाटी खिडकीतून वाचली असेल. पूर्वी या स्थानकास कुंडल रोड म्हणत. कुंडल हे जुने गाव तेथून काही अंतरावर. स्थानकापाशी केवळ माळ आणि निवडुंग. ज्या गृहस्थांमुळे पाटी बदलली, त्या लक्ष्मणराव काशीनाथ किर्लोस्कर यांचे चरित्र आम्ही या स्मरणिकेसाठी मुद्दाम निवडले. बसलेली घडी वारंवार मोडून नव्या जागी संसार मांडावा लागलेल्या माणसाचे ते चरित्र आहे, आणि तो अनुभव या मंडळाच्या सभासदांना परका नाही.

लक्ष्मणरावांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे झाला. संगीत नाटककार अण्णासाहेब किर्लोस्कर हेही याच गावचे. शाळेच्या अभ्यासात लक्ष्मणरावांचे मन रमेना. त्यांस वेड होते चित्रकलेचे व यंत्रांचे. थोरले बंधू रामुअण्णा यांच्या आधारावर त्यांनी १८८५ मध्ये मुंबईचे जे. जे. कलाविद्यालय गाठले. तेथे दोनेक वर्षे काढल्यावर असे आढळून आले की त्यांस काही रंग नीट ओळखता येत नाहीत. चित्रकार होऊ पाहणाऱ्या तरुणावर याहून कठोर आघात तो कोणता? त्यांनी कुंचला ठेवला आणि यांत्रिक आरेखन हाती घेतले, कारण तेथे रंगांचे काम नव्हते. त्या बळावर ते व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षक झाले व तेथील कर्मशाळेत यंत्रे उघडून पाहण्याची त्यांची हौस फिटू लागली. पुढे बढतीची वेळ आली तेव्हा ती दुसऱ्यास मिळाली. हक्काची बढती डोळ्यांदेखत दुसरीकडे जाणे म्हणजे काय, हे सरकारी खात्यांत हयात घालविलेल्या आमच्यासारख्यांस समजावून सांगावयास नको. आम्ही अर्ज करतो व वाट पाहतो. लक्ष्मणरावांनी राजीनामा दिला.

बेळगावी किर्लोस्कर बंधूंचे सायकलींचे दुकान होते. त्याच्या जोडीस त्यांनी कडबा कापण्याचे यंत्र व मागाहून लोखंडी नांगर तयार करण्यास आरंभ केला. नांगर उत्तम होता. तो घेण्यास मात्र कोणी पुढे येईना. लोखंडाने जमीन विषारी होते, असा शेतकऱ्यांचा समज. शिवाय लाकडी नांगर मोडला तर गावचा सुतार दुरुस्त करी. या लोखंडी नांगराचा फाळ झिजल्यास कोणाकडे जावे? ही दुसरी शंका आम्हांस तरी अगदी रास्त वाटते. पहिले नांगर सुमारे दोन वर्षे पडून राहिले. लक्ष्मणरावांनी फाळाचे लोखंड सुधारले, सुटे भाग पुरविण्याची व्यवस्था केली, आणि हळूहळू शेतकऱ्यांचा विश्वास बसला.

धंदा कोठे स्थिरावतो न स्थिरावतो तोच बेळगावच्या नगरपालिकेने नव्या वस्तीच्या योजनेसाठी कारखान्याची जागा सोडण्यास सांगितले. लक्ष्मणराव तेव्हा चाळिशीला टेकले होते. हाताखालच्या माणसांचे संसार त्यांच्यावर अवलंबून, आणि भट्टी हलवावयाची तर कोठे? त्या सुमारास ते औंध येथे यमाईच्या देवळाचा सभामंडप बांधण्याचे काम करीत होते. औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी हे स्वतः चित्रकार व गुणग्राहक. ही अडचण कानी येताच त्यांनी आपल्या संस्थानात जागा देऊ केली आणि दहा हजार रुपये कर्जाऊ दिले.

औंध संस्थान सलग नव्हते. त्याचे तुकडे दूरदूर विखुरलेले होते. त्यांतून लक्ष्मणरावांनी कुंडल रोडनजीकची बत्तीस एकर नापीक जमीन पसंत केली. जेथे पीक येत नाही तेथे कारखाना का, असे पाहणाऱ्यास वाटले असेल. परंतु लक्ष्मणरावांची नजर मातीवर नव्हती, रुळांवर होती. ओतीव लोखंड आणि कोळसा यावयाचा तो मालगाडीच्या वाघिणींतून, आणि नांगर गावोगाव जावयाचे तेही त्याच फलाटावरून.

१९१० मध्ये काम सुरू झाले. त्याच सुमारास बिहारकडे टाटांचे जमशेदपूर उभे राहत होते, परंतु तेथे कोट्यवधींचे भांडवल होते. येथे होती पंचवीसेक कामगारांची कुटुंबे. त्यांनी निवडुंग तोडला, नाग मारले आणि छपरे उभारली. रामुअण्णांनी वसाहतीचा कारभार पाहिला, शंभोअप्पा जांभेकरांनी यंत्रे चालती ठेवली. लक्ष्मणरावांनी वसाहतीत अस्पृश्यता पाळू दिली नाही. शिक्षा भोगून आलेल्या माणसांस त्यांनी रात्रीच्या रखवालीचे काम दिले. त्या काळाच्या मानाने हे धाडस नांगराहूनही मोठे होते, असे आमचे मत आहे.

पहिल्या महायुद्धात परदेशी लोखंड दुर्मिळ झाले, तेव्हा शाहू छत्रपतींनी पन्हाळ्याच्या जुन्या तोफा नांगरांसाठी वितळविण्यास दिल्या, ही हकीगत कोल्हापूरकडे आजही अभिमानाने सांगितली जाते. १९२० मध्ये किर्लोस्कर ब्रदर्स ही मर्यादित कंपनी झाली. त्याच वर्षी निघालेल्या ‘किर्लोस्कर खबर’चे पुढे शंकरराव किर्लोस्करांनी ‘किर्लोस्कर’ मासिक घडविले. १९३० मध्ये ‘स्त्री’ आले, १९३४ मध्ये ‘मनोहर’. एका आडमाळावरून निघालेली ही मासिके टपालाने दूरदूरच्या मराठी घरी पोहोचत. चिरंजीव शंतनुराव अमेरिकेतून अभियांत्रिकी शिकून परतले. त्यांच्यासवे गेलेला रामुअण्णांचा मुलगा माधव क्षयाने तिकडेच वारला.

गांधीजींच्या हत्येनंतर उसळलेल्या जाळपोळीत, १९४८ मध्ये, किर्लोस्करवाडीचा कारखानाही जळाला. ज्या पंचक्रोशीस काम दिले, तिच्याच अंगणात आग भडकली. वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी ही वार्ता लक्ष्मणरावांनी कशी सोसली असेल, याची कल्पनाच केलेली बरी. कारखाना पुन्हा उभा राहिला.

लक्ष्मणराव २६ सप्टेंबर १९५६ रोजी निवर्तले. जन्मशताब्दीस, १९६९ मध्ये, टपाल खात्याने त्यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले. माळावरच्या त्या कारखान्यात आता पंप तयार होतात.